कापडी पिशवी (शिवणकाम)

कापडी पिशवी ही विणलेल्या कापडाचा तुकडा दुमडून, त्याच्या बाजू शिवून आणि वर धरण्यासाठी बंद लावून तयार केलेली वस्तू होय. बाजारहाट, दळण, शेतावरची शिदोरी, शाळेची पुस्तके, प्रवासातले कपडे अशा अनेक कामांसाठी एकच पिशवी वापरता येते. शिवणकाम नव्याने शिकणाऱ्याने प्रथम जी वस्तू करावी ती हीच, असा शिवणवर्गांतील सर्वसाधारण प्रघात आहे. तीत सरळ टीप, दुमड, कोपरा आणि जोड ही चारही मूलभूत कामे येतात. मात्र गळा, बाही किंवा अंगाचे माप यांची अडचण येत नाही. झबले किंवा परकर बिघडला तर कापड वाया जाते, पिशवी थोडी वाकडी झाली तरी ती वापरता येते. अपवाद फक्त बंदांच्या जोडाचा. तो कच्चा राहिला तर पिशवी कितीही देखणी असली तरी निरुपयोगी ठरते. म्हणून या लेखात त्या जोडाचे विवेचन अधिक विस्ताराने केले आहे.

नावे आणि प्रकार

मराठीत पिशवीच्या कुळातील शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा आकार व उपयोग वेगळा आहे. झोळी ही खांद्याला अडकवायची, तोंड उघडे असलेली. पडशी ही दोन तोंडांची किंवा दोन कप्प्यांची, मध्यभागी खांद्यावर टाकून पुढेमागे लोंबणारी. वाटसरूचे ओझे तीत दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते. बटवा लहान, तोंडाशी नेफा शिवून त्यात नाडी ओवलेला. पैसे, सुपारी आणि घरगुती औषधे त्यात राहत, म्हणून घरगुती उपचारांना ‘आजीबाईचा बटवा’ म्हणण्याची रीत पडली. कसा म्हणजे कमरेला बांधायची पैशांची अरुंद पिशवी. चंची ही पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता यांसाठी निरनिराळे कप्पे असलेली, गुंडाळून दोरीने बांधायची वस्तू असून हाताच्या शिवणकामाचा तो एक नमुनाच होय. खलिता हा मुळात पत्र ठेवण्याच्या पिशवीचा शब्द, पुढे पत्रालाच लागू झाला. थैली हा शब्द मराठवाड्यात पिशवीच्या अर्थाने आजही सर्रास ऐकू येतो. सार्वजनिक सत्कारात ‘थैली अर्पण करणे’ या प्रयोगात तोच शब्द निधीचा अर्थ घेऊन येतो.

१९७० च्या दशकात तरुण कार्यकर्ते, पत्रकार आणि कवी यांच्या खांद्यावर दिसणारी लांब बंदाची पिशवी ‘शबनम’ या नावाने ओळखली जाई. लग्नकार्यात कापडदुकानातून मिळणारी, दुकानाचे नाव छापलेली पिशवी मात्र नाव नसलेलीच राहिली, जरी ती घराघरांत सर्वांत अधिक काळ टिकली.

परभणी जिल्हा आणि पिशवी

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांचा परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा प्रदेश आहे. येथील जुना देशी कापूस ‘गावराणी’ नावाने ओळखला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या देशी वाणांपैकी ‘परभणी तुराब’ हा एक होय. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. त्याच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात (पूर्वीचे गृहविज्ञान महाविद्यालय) वस्त्र व परिधान हा अध्ययनाचा स्वतंत्र विषय आहे.

जिल्ह्यात पिकलेल्या कापसाची सरकी जिनिंगमध्ये वेगळी होते, रुईच्या प्रत्येकी सुमारे १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या बाहेर जातात. कापड होऊन येते ते दुसरीकडून. त्यामुळे कापसाच्या गावात राहूनही पिशवीसाठी कापड विकत घ्यावे लागते किंवा घरातले जुने वापरावे लागते. प्रत्यक्षात दुसराच मार्ग पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. नऊवारी लुगडे विरले की त्याची वाकळ होई, धोतराचे फडके होई आणि जाड कापडाची पिशवी. वडिलांच्या जुन्या पँटच्या कापडाची दळणाची पिशवी मराठी घरांत फार वर्षे दिसत आली आहे. पँटीचा एक पाय कापून खालचे तोंड शिवले की लांबट पिशवी आयतीच तयार होते. बाजूची शिवण शिंप्याने आधीच पक्की घातलेली असते.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तेथून व आसपासच्या गावांतून पंढरीला चालत जाणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्याला लागणारी पिशवी हा या वस्तूचा आणखी एक कसोटीचा उपयोग आहे. अनेक दिवसांची चाल, पाऊस आणि सततचे ओझे तिला सोसावे लागते.

शालेय शिक्षणातही या कामाला स्थान होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या विचारात हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू होता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि महाराष्ट्रातील शाळांत ‘कार्यानुभव’ हा विषय आला. पुष्कळ शाळांत त्या तासाला मुलींना रुमाल व पिशवी आणि मुलांना खडू किंवा कागदकाम असा भेद केला जाई. त्याला शैक्षणिक आधार काहीच नव्हता. सुईत दोरा ओवता न येणारे पुरुष ही त्या भेदाची देणगी होय.

कापडाची निवड

पिशवीसाठी मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे सुती कापड उत्तम. मांजरपाट हे न धुवट केलेले, पिवळसर, स्वस्त कापड शिकाऊ हातासाठी सर्वांत सोयीचे. ते घसरत नाही आणि त्यावर खडूची खूण स्पष्ट उमटते. जाड खादी, पडद्याचे कापड, जीन्स व कॅनव्हासही चालतात. परंतु जीन्सच्या अनेक पदरांतून घरगुती यंत्राची सुई मोडण्याचा संभव असतो. रेशमी, जॉर्जेट किंवा ताणले जाणारे होजिअरीचे कापड नवशिक्याने टाळावे.

जुनी चादर घेताना ती उजेडासमोर धरून पाहावी. निजण्याच्या जागी, म्हणजे मध्यभागी, ती विरलेली असते आणि कडेला धड असते. १५० सेंमी रुंद व २२५ सेंमी लांब चादरीतून हिशोबाने सहा पिशव्या बंदांसह निघतात, परंतु विरलेला भाग वगळला तर प्रत्यक्षात तीन किंवा चारच. विरलेल्या भागाची पिशवी शिवण्यात घातलेले श्रम महिन्याभरात फुकट जातात.

नवे सुती कापड कापण्यापूर्वी धुवावेच. ते पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते. आधी शिवून मग धुतले तर कापड आटते, दोरा तसा आटत नाही आणि शिवणीला सुरकुत्या पडतात.

प्रत्येक कापडाला उभा आणि आडवा धागा असतो. काठाला समांतर जाणारा तो उभा. तो कमी ताणला जातो. तुकडा दोन्ही दिशांनी ओढून पाहिल्यास फरक हाताला कळतो. पिशवीची उंची आणि बंदांची लांबी दोन्ही उभ्या धाग्यावर घ्यावी. आडव्या धाग्यावर कापलेले बंद ओझ्याने लांबतात आणि पिशवी गुडघ्याला लागू लागते.

साहित्य

कापड, कात्री, मोजपट्टी, शिंप्याचा खडू (नसल्यास झिजलेल्या साबणाची वडी), टाचण्या, दोरा आणि इस्त्री एवढे पुरे. यंत्रावर शिवताना १४ क्रमांकाची सुई आणि बंदांच्या जोडासाठी १६ क्रमांकाची सुई वापरावी. टीप इंचाला १० ते १२ टाके पडतील अशी ठेवावी. दोरा दातांनी तुटत असेल तर तो पिशवीसाठी कच्चा समजावा.

मापे आणि कापणी

येथे दिलेली मापे पाच किलोपर्यंतचे सामान वाहणाऱ्या, रुंद तळाच्या पिशवीची आहेत. ९० सेंमी पन्ह्याचे १ मीटर कापड धुऊन आटल्यानंतरही एका पिशवीला पुरून उरते. मुख्य तुकडा ४३ सेंमी रुंद आणि ९२ सेंमी लांब घ्यावा. शिंप्याच्या भाषेत तो १७ इंच रुंद आणि जवळजवळ एक वार लांब होतो. बंदांसाठी १० सेंमी रुंद व ६० सेंमी लांब अशा दोन पट्ट्या घ्याव्यात. पिशवी खांद्याला अडकवायची असेल तर पट्ट्या ७५ सेंमीच्या कराव्यात.

रुंदीतील ३ सेंमी दोन्ही बाजूंच्या शिवणीत जातात आणि ४० सेंमी उरतात. लांबी मध्यावर दुमडली की ४६ सेंमी होते. वरच्या दुमडीत ४ सेंमी गेल्यावर ४२ सेंमी उंची राहते आणि तळ रुंद केल्यावर ती ३७ सेंमी होते. हा हिशोब विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा, म्हणजे हव्या त्या आकाराची पिशवी स्वतः बेतता येते. कापण्यापूर्वी वर्तमानपत्राचा कागद त्याच मापाचा कापून दुमडून पाहणे शहाणपणाचे असते.

बाजूंची शिवण

साध्या शिवणीत कापडाच्या कापलेल्या कडा आत उघड्या राहतात आणि त्यांचे दोरे निघतात. दळणाच्या पिशवीत हे दोरे पिठात पडतात. ओव्हरलॉकचे यंत्र प्रत्येकाकडे नसते. म्हणून दोनदा घालावयाची ‘फ्रेंच शिवण’ येथे योग्य होय. तिचे नाव परके असले तरी ती करायला यंत्रही लागत नाही.

कापड प्रथम सुलट बाजू बाहेर राहील असे मध्यावर दुमडावे. नवशिक्याला हे विचित्र वाटते, कारण शिवण नेहमी उलट बाजूने घालतात असे त्याने ऐकलेले असते. दोन्ही बाजूंना कडेपासून अर्धा सेंमी अंतरावर टीप घालावी. कडेचे निघालेले दोरे कात्रीने छाटून कड ३ मिमी ठेवावी. मग पिशवी उलटी करावी, कोपरे बोटाने नीट बाहेर काढावेत, शिवणीवर इस्त्री फिरवावी आणि पुन्हा कडेपासून १ सेंमीवर दुसरी टीप घालावी. पहिली कड या दोन टिपांमध्ये बंदिस्त होते. इस्त्री न करता घातलेली दुसरी टीप बहुधा वाकडी जाते आणि पहिल्या कडेचे दोरे सुलट बाजूला डोकावतात. टिपेच्या आरंभी व शेवटी तीन-चार टाके मागे घेऊन दोरा पक्का करावा.

तळ

पिशवी उलटीच ठेवून एक कोपरा असा चपटा करावा की बाजूची शिवण तळाच्या दुमडीवर नेमकी येईल. कोपऱ्याचे टोक त्रिकोणी दिसू लागते. टोकापासून ५ सेंमीवर शिवणीला काटकोनात रेघ ओढावी. ती १० सेंमी लांब भरते. त्या रेघेवर दोनदा टीप घालावी आणि दुसऱ्या कोपऱ्याचेही तसेच करावे. उरलेला त्रिकोण कापून टाकण्याची पद्धत आहे, परंतु तो तळाकडे दुमडून चार टाक्यांनी अडकवून ठेवणे अधिक चांगले, कारण पिशवी जमिनीवर टेकते ती नेमकी तेथेच. अशा पिशवीचा तळ ३० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद होतो. डबा किंवा तेलाची बाटली तीत उभी राहते.

बंद आणि त्यांचा जोड

प्रत्येक पट्टी लांबीच्या दिशेने मध्यावर दुमडून खूण पाडावी, उघडावी, दोन्ही कडा त्या खुणेपर्यंत आत वळवाव्यात आणि पुन्हा दुमडावी. अडीच सेंमी रुंदीचा चार पदरी बंद तयार होतो. दोन्ही कडांवरून टीप घालावी. एकाच कडेवरून घातल्यास बंद पिळतो आणि हाताला काचतो.

आता पिशवीचे तोंड. वरची कड आधी १ सेंमी व नंतर ३ सेंमी आत दुमडून इस्त्रीने बसवावी. बाजूच्या शिवणीपासून १० सेंमीवर बंदाचे मध्य येतील अशा खुणा दोन्ही बाजूंना कराव्यात. बंदाचे टोक दुमडीच्या खालच्या कडेतून दीड सेंमी आत सरकवावे. बंद या वेळी खाली लोंबत राहतो. एकाच बंदाची दोन्ही टोके पिशवीच्या एकाच बाजूला लागली आहेत आणि बंदाला पीळ नाही, हे येथे तपासावे. ही चूक जवळजवळ प्रत्येक शिकाऊ व्यक्ती एकदा करतेच. मग दुमडीच्या खालच्या कडेने सबंध तोंडाभोवती टीप घालावी. त्यानंतर बंद वर वळवून दुमडीवर बसवावा आणि तोंडाच्या वरच्या कडेने दुसरी टीप फिरवावी.

एवढ्यावर थांबल्यास बंद फक्त दोन आडव्या टिपांवर टिकतो. पाच किलोच्या ओझ्यात पिशवीच्या चार जोडांपैकी प्रत्येकावर स्थिर स्थितीत सव्वा किलो भार येतो. परंतु ओझे कधी स्थिर नसते. पिशवी झटक्याने उचलली जाते, बसमध्ये चढताना ओढली जाते, सायकलच्या हँडलला हिसके खाते, आणि बहुधा एकाच बंदाने धरली जाते. आडव्या टिपेत हा हिसका प्रथम कडेच्या एकदोन टाक्यांवर येतो. ते तुटले की पुढचे, आणि क्रमाने सारी टीप उसवते. म्हणून जोडाच्या जागी बंदाच्या रुंदीचा व दुमडीच्या उंचीचा, म्हणजे अडीच सेंमी × ३ सेंमीचा, चौकोन शिवून त्यात फुलीसारख्या दोन तिरप्या टिपा घालतात. भार चारही दिशांच्या टाक्यांत वाटला जातो. चौकोन व फुली दोरा न तोडता एकसलग घालता येते. एक तिरपी रेघ, एक बाजू, दुसरी तिरपी रेघ आणि मग उरलेल्या बाजू अशा क्रमाने सुई कापडात ठेवून दाबपट्टी उचलायची, कापड वळवायचे आणि पुढे जायचे.

जोड तपासण्याची घरगुती रीत सोपी आहे. पाच किलो ज्वारी पिशवीत भरून ती एका बंदाने धरावी आणि तीन-चार वेळा हिसका द्यावा. टाका ताणून कापडात भोक दिसू लागले तर आतून कापडाचा एक लहान चौकोनी तुकडा लावून जोड पुन्हा शिवावा.

हाताने शिवताना

यंत्र नसले तरी हीच पिशवी हाताने शिवता येते. एका मनुष्याला सवडीने दोन-तीन दुपारी लागतात. फ्रेंच शिवणीची पहिली फेरी धावदोऱ्याने घालावी, दुसरी उलट्या टिपेने, ज्यात प्रत्येक टाका अर्धा मागे जाऊन पुढे येतो. धावदोरा एका ठिकाणी तुटला की सबंध सुटतो. उलटी टीप तशी सुटत नाही. जोडासाठी दुहेरी दोरा मेणावरून ओढून घ्यावा आणि बोटात अंगुस्तान घालावे. तोंडाची दुमड हातशिलाईने केली तरी चालते, मात्र बंदाच्या जागी नव्हे.

प्लॅस्टिकबंदी आणि कापडी पिशवीचा हिशोब

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी तरतूद होती. केंद्र सरकारच्या नियमांनुसार प्लॅस्टिक पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. शेतीप्रधान जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. उकिरड्यावर टाकलेली पिशवी तीतील शिळ्या अन्नासह जनावरे गिळतात. ती पचत नाही आणि पोटात साचून राहते.

बंदीनंतर बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत, हलक्या पिशव्या मोठ्या प्रमाणात आल्या. त्या ‘नॉन-वूव्हन’ म्हणजे न विणलेल्या असून बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्याच असतात. कापडाला उभे-आडवे धागे असतात, यांना नसतात. एवढी खूण ओळखण्यास पुरेशी आहे.

तथापि कापडी पिशवी केवळ कापडी आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या सुती पिशवीचा भार पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या पातळीवर येण्यासाठी ती केवळ हवामानबदलाच्या निकषावर किमान ५२ वेळा आणि सर्व पर्यावरणीय निकष एकत्र धरता ७,१०० वेळा वापरावी लागते, असा हिशोब मांडला होता. कापसाला लागणारे पाणी, खते आणि प्रक्रिया यांमुळे आकडा एवढा वाढतो. त्या अभ्यासात उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम धरलेला नव्हता, तसेच तो नव्या कापसाच्या पिशवीविषयी होता. जुन्या चादरीच्या किंवा पँटच्या पिशवीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. आठवड्याच्या बाजारासाठी एक पिशवी वर्षात ५२ वेळा वापरली जाते. म्हणजे पहिला आकडा गाठण्यासाठीही तिने निदान एक वर्ष बंद न तुटता टिकले पाहिजे. समारंभात फुकट वाटलेल्या आणि कपाटात पडून राहिलेल्या पिशव्या हा आकडा कधीच गाठत नाहीत.

शिवणकामातून उत्पन्न मिळवू पाहणाऱ्या महिला बचतगटांसाठी पिशवी ही सोपी सुरुवात मानली जाते. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि २०११ पासून राज्यात चालू झालेले ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, यांच्या माध्यमातून असे गट संघटित झाले आहेत. मात्र किंमत ठरवताना कापड व दोरा धरला जातो आणि शिवणारीचा वेळ बहुधा विसरला जातो. फ्रेंच शिवण व फुलीचा जोड असलेल्या पिशवीला साध्या पिशवीपेक्षा स्पष्टपणे अधिक वेळ लागतो, आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर बाहेरून त्यांतील फरक दिसत नाही. तो दाखवण्यासाठी पिशवी उलटी करून ग्राहकापुढे ठेवावी लागते.

धुलाई आणि दुरुस्ती

भाजीची पिशवी आठवड्यातून एकदा धुवावी. मिरची, हळद किंवा तेलाचा डाग असेल तर लगेच. उलटी करून कोपरे झटकावेत, कारण मातीचे कण तेथे साचून कापड घासतात. पावसाळ्यात ओलसर पिशवी घडी करून ठेवल्यास तिला काळे ठिपके पडतात आणि त्या जागी कापड कुजते. हे डाग पुढे निघत नाहीत. दळणाची पिशवी शक्यतो वेगळी ठेवावी आणि ती विरळ विणीची नसावी, अन्यथा वाटभर पीठ सांडत राहते.

दुरुस्तीची गरज प्रथम बंदाच्या जोडाला, नंतर तळाच्या कोपऱ्यांना आणि शेवटी तोंडाच्या कडेला पडते. एक टाका सुटलेला दिसताच तो शिवल्यास काम पाच मिनिटांचे असते. बंद पुरता निघाल्यावर मात्र त्याच्यासोबत तोंडाचे कापडही फाटलेले असते. तेव्हा फाटलेली पट्टी सबंध कापून काढावी, पिशवी चार सेंमी आखूड करावी आणि वर सांगितल्याप्रमाणे नवी दुमड घालून तेच बंद पुन्हा लावावेत.